झेनोनच्या बाटलीवरचा नऊ

मी एक जुना वजनकाटा आहे. पंजाएवढा, बॅटरीवर चालणारा. मित्रांनो, पोलंडमधल्या वूच शहरात इरेनाबाईंनी मला यीस्ट मोजायला आणले. नाताळात खसखशीचा रोल छान फुगला की कौतुक त्यांच्या हाताचे व्हायचे. माझी तक्रार नाही.

त्यांचे यजमान झेनोन कापडगिरणीत माग दुरुस्त करत. चौथ्या मजल्यावरच्या घरी येताना तिसऱ्यावर थांबून धापा टाकत. डॉक्टरांनी दम भरला तेव्हा सिगारेट सोडून ते व्हेप, म्हणजे बॅटरीवरची वाफेची सिगारेट, ओढू लागले. त्यातला द्रव इरेनाबाई घरीच बनवत. निकोटिन कातडीतूनही अंगात शिरते, म्हणून हातमोजे घालून. माझ्यावर बाटली ठेवायची, तीत निकोटिनच्या तीन कुप्या रिकाम्या करायच्या, वर साधा द्रव, थोडा चेरीचा स्वाद. मग बाटलीवर ताकद, म्हणजे दर मिलिलिटरमागे निकोटिनचे मिलिग्रॅम, लिहायची: नऊ.

"नऊ म्हणजे कितीसं गं?"

"तुझ्या अकलेपेक्षा जास्त."

थोड्याच महिन्यांत झेनोन चारही मजले न थांबता चढू लागले. त्या दिवसांत इरेनाबाई मला पुसतानासुद्धा गुणगुणत.

मग त्यांना हाव सुटली. निकोटिनही सुटावे म्हणून त्यांनी तिनाच्या दोन कुप्या केल्या. "सांगितलं तर कुरकुरेल," असे मलाच म्हणाल्या. पण निकोटिन घटले की घशाला चटका कमी बसतो आणि ओढणाऱ्याला लगेच कळते. म्हणून दाट द्रवातल्या कुप्या सोडून त्यांनी पातळ द्रवातल्या निवडल्या. पातळ द्रव घशाला जास्त टोचतो. बाटलीवर मात्र नऊच लिहिले.

"कसं झालंय?"

"झकास! हात बसला तुझा."

पण झेनोन पुन्हा तिसऱ्या मजल्यावर थांबू लागले. इरेनाबाईंना वाटले, निकोटिन अजून जास्तच होतेय. त्यांनी दोनाची एक कुपी केली. झेनोन दुसऱ्यावरच थांबू लागले. मी खरा आकडा दाखवत होतो, पण मला तोंड कुठे आहे?

हिवाळ्यात झेनोनच्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ निघाली. इस्पितळातून आल्यावर स्वयंपाकघरात बसून इरेनाबाई म्हणाल्या, "त्या बाटलीत नऊ नव्हतं रे. वर्षभर कमीच घालत होते. शेवटी तर तीनच."

"ठाऊक आहे."

"घशाला कळलं?"

"घशाला कुठलं! कचरा कोण खाली नेतं या घरात? तिनाच्या जागी एकच कुपी दिसायची."

"मग बोलला का नाहीस?"

"तू इतकी खुशीत होतीस. तलफ राहवेना, म्हणून गॅरेजमागे दोन-चार सिगारेटी ओढायचो."

"दोन-चार?"

"पाकीट."

चहा तसाच निवला. झेनोननी ईस्टर पाहिला नाही.

आता मला यीस्टसाठीही कुणी काढत नाही. खणात माझ्याशेजारी ती शेवटची बाटली आहे, अर्धी भरलेली. परवा इरेनाबाईंनी ती बाहेर काढली, नऊ खोडून तीन लिहिले आणि परत ठेवली.

मित्रांनो, माझी बॅटरी कधी संपली तरी चालेल. पण आपल्या माणसासाठी मायेने काही कमी-जास्त करत असाल, तर बाटलीवर खरा आकडा लिहा. आणि त्याला तो वाचून दाखवा, जिना चढायची ताकद त्याच्यात आहे तोवर.