वाटेत पडणारं घर

"आधी मोटीबेनकडे जायचं," जसुमतीबेन स्कूटरजवळ उभ्या राहून म्हणाल्या. "दुखवट्याचं बेसणं सहापर्यंत आहे. ओझासाहेब काही उठून जात नाहीत."

"आधी तिकडे गेलो तर रेल्वेचं फाटक दोनदा ओलांडावं लागेल," प्रागजीभाई म्हणाले. "बेसणं, मग तेल, मग गिरणी, मग तुझी बहीण. परतताना पुलाचा उतार मिळतो. इंजिन बंद करून थेट घराच्या कोपऱ्यापर्यंत."

प्रागजीभाईंनी भावनगरच्या पाणीखात्यात हयात काढली होती आणि निवृत्तीनंतर आपली सगळी बुद्धी पेट्रोलकडे वळवली होती. एका कामासाठी ते घराबाहेर पडत नसत. कामं साचू देत आणि मग एकाच फेऱ्यात सगळ्यांचा निकाल लावत. त्यांच्या फेऱ्यात दळण आणि दुखवटा यांना समान वागणूक होती.

मोटीबेन म्हणजे जसुमतीबेनची थोरली बहीण रळियातबेन. तिचं घर फाटकापलीकडे, म्हणजे कधीच वाटेत न पडणारं. तिच्या मुलाच्या लग्नाला मात्र प्रागजीभाई बायकोला घेऊन गेले होते. वाटेत मिक्सर दुरुस्तीला दिलेला होता, तो घेतला. मांडवात पोचले तेव्हा वरात सुनेला घेऊन निघाली होती आणि आचारी भांडी घासत होता. त्या दिवसापासून दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. आता रळियातबेनने अंथरूण धरलं होतं. काल सुनेचा फोन आला होता, "मासी, सासूबाई विचारत होत्या, जशु येईल का."

जसुमतीबेन रात्रभर जाग्या होत्या. सकाळी त्यांनी हिरवी बांधणी एका पिशवीत घातली. बेसण्याहून पांढऱ्या साडीत आजारी माणसाच्या दारात जायचं नसतं, हे त्यांच्याकडे लहान पोरालाही कळतं. मोटीबेनच्या शेजारी चंपाबेन राहतात, त्यांच्याकडे अंगावर पाणी घेऊन साडी बदलायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पिशवी त्यांनी स्वतःच्या हाताने स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि मागचं दार लावायला आत गेल्या.

बेसणं छान झालं. ओझासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडताना प्रागजीभाईंनी घड्याळ पाहिलं, पण ते हात जोडलेले असतानाच, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. तेलाचा डबा हुकाला लागला. गिरणीत पिठाचं पोतं मिळालं, ते दोघांच्या मध्ये बसलं. पीठ उडालं, पण पांढऱ्या कपड्यांवर ते दिसत नाही, हा फायदाही त्यांनी बायकोला समजावून सांगितला. 

चंपाबेनच्या दाराशी जसुमतीबेन उतरल्या आणि हात पुढे केला. "माझी पिशवी."

"कुठली? ती हुकाची? काढून घरी ओट्यावर ठेवली. हुकाला डबा लागणार होता ना."

 तेवढ्यात शेजारचं, मोटीबेनचं दार उघडलं. सून कल्पना बाहेर आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"मासी, हे काय? पांढऱ्यात?"

"बेसण्याला गेलो होतो," प्रागजीभाई म्हणाले. "म्हटलं, वाटेतच आहे."

आतून बारीक पण धारदार आवाज आला. "कोण आलंय, कल्पना?"

दार उघडंच होतं. खाटेवरच्या रळियातबेनने मान वळवली आणि दोघांना नखशिखान्त पाहून घेतलं.

"लग्नाला उशिरा आलात," ती म्हणाली. "बेसण्याला मात्र लवकर."

कल्पनाने दार लोटून घेतलं.

"तब्येत तशी बरी दिसते," प्रागजीभाई म्हणाले. "चल, अजून उतार मोकळा असेल."

"तुम्ही जा."

"आणि तू?"

"चंपाबेनकडे आंघोळ करते. त्यांची साडी मागते. मग त्या दारात बसते. उघडलं तर आत, नाही तर ओट्यावर."

"परत कशी येशील?"

"तो तुमचा फेरा नाही."

"अगं, एवढ्याशा साडीसाठी..."

"तुमच्या फेऱ्यात मी कुठे होते?" त्या शांतपणे म्हणाल्या. "डब्याच्या आधी की नंतर?"

प्रागजीभाई पोतं घेऊन घरी आले. पुलाच्या उतारावर त्यांनी सवयीने इंजिन बंद केलं. मागे बोलायला कुणी नव्हतं, हे तेव्हा कळलं. ओट्यावर पिशवी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी ते फाटक ओलांडून गेले. अंगात निळा सदरा, हुकाला फक्त ती पिशवी. कल्पनाने दार अर्धं उघडलं, पिशवी घेतली आणि आत गेली. आतून दोन बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, ते थांबलं. कल्पना परत आली.

"मासी विचारतात, इकडे आणखी काय काम होतं?"

"काही नाही."

ती आत जाऊन आली. "थांबायचं तर थांबा म्हणाल्या. येईनच असं नाही."

प्रागजीभाई ओट्याच्या कडेला बसले. समोर स्कूटर उभी होती. मागची सीट त्यांनी सकाळी पुसून आणली होती, पण शिवणीत पीठ राहिलंच होतं. ते उठले आणि रुमालाच्या टोकाने ते काढू लागले.