सासूचा एक दिवस, सुनेचे दोन

माझ्या नवऱ्याला देवाने डोळे दिले ते दुसऱ्याच्या मांडवातली खोट काढायला. जेरुसलेमला पोचून अजून बॅगासुद्धा उघडल्या नव्हत्या, तोवर एडगर त्याच्या बहिणीच्या अंगणात मान वर करून उभा. सुक्कोत हा आम्हा ज्यूंचा मांडवात बसून जेवायचा सण, आणि तो मांडव उघड्या आभाळाखाली हवा. फांद्यांच्या छपरावर मध्येच काही आलं तर तो मांडव नाही, नुसती अडगळ. वरच्या बिऱ्हाडाची बाल्कनी वीतभर पुढे आलेली त्याला दिसली आणि त्याचा चेहरा खुलला.

“तिर्झा, हा कोपरा बाद.”

“त्या कोपऱ्यात कुंडी आहे. कुंडीला जेवायला बसायचं नाहीये,” तिर्झा म्हणाली.

तिर्झा माझी नणंद. लग्नाआधीच फ्रान्समधलं आमचं स्ट्रासबूर्ग सोडून इथे आली आणि इथलीच झाली. तिने आवाज चढवला, एडगरने ग्रंथातला दाखला दिला, आणि शेवटी शेजारच्या दोन माणसांना बोलावून अख्खा मांडव हातभर सरकवावा लागला. सासूबाई खुर्चीत बसून डाळिंब सोलत होत्या. “लहानपणी हा बिछान्याची चादरसुद्धा फूटपट्टीने सरळ करायचा,” त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं. “मला वाटलं होतं, लग्न झालं की सुधारेल.” आणि माझ्याकडे बघितलं.

अशा या माझ्या सासूबाई, हेर्मिन वाइल. सासरे गेल्यावर स्ट्रासबूर्गबाहेरच्या खेड्यात एकट्या राहायच्या. गेल्या हिवाळ्यात जिन्यावरून पडल्या, आणि एडगरने तेव्हाच ठरवून टाकलं की आता आईने आमच्याकडे यायचं. तळमजल्यावरची स्वतःची अभ्यासाची खोली त्याने रिकामी केली. आम्ही इकडे सण साजरा करत होतो आणि तिकडे श्मिट नावाचा प्लंबर त्या खोलीला लागून नवीन बाथरूम बांधत होता. सण संपवून परतलो की सासूबाई थेट त्या खोलीत. विमानात शेजारच्या अनोळखी माणसालाही एडगरने टाइल्सचा फोटो दाखवला.

सासूबाई म्हणायच्या, “छान.”

या बाईच्या तोंडून नुसतं ‘छान’ निघतं तेव्हा आत काहीतरी शिजत असतं. मला हे कळायला हवं होतं. पण मी माझ्याच काळजीत होते. खोटं कशाला बोलू? मला सासूबाई घरात नको होत्या. माझ्या हातचा कार्प मासा खाऊन त्या दर वेळी “बिचारा आजारी होता का?” असं विचारतात. वर्षातून चार वेळा ते ऐकून घेणं वेगळं आणि रोज ऐकणं वेगळं. पण एडगरचा उत्साह बघून मी गप्प होते.

सणाचा पहिला दिवस छान गेला. खरी गंमत असते ती त्यानंतर. इस्रायलमध्ये सणाचा कडक दिवस एकच, आणि आम्हा बाहेरच्यांना मात्र दोन. आणि पाहुणा इथे आला तरी आपल्या गावचे नियम सोबत घेऊन येतो. त्यामुळे पहिल्या दिवसाच्या संध्याकाळी चांदण्या दिसल्या आणि तिर्झाच्या पोरांनी अर्ध्या चड्ड्या चढवल्या, फोन हातात घेतले, उद्या समुद्रावर कोण कोण येणार ते ठरवायला लागली. आमची लेक जुदित रेशमी फ्रॉकमध्ये तशीच. पुन्हा मेणबत्त्या, पुन्हा प्रार्थना, आणि अजून एक अख्खा दिवस फोन नाही, दिव्याचं बटण नाही, गाडी नाही, पैशाला हात नाही.

“एकाच मांडवात बसून त्यांची सुट्टी आणि माझी शिक्षा,” जुदित म्हणाली.

“परंपरा म्हणतात त्याला,” एडगर म्हणाला.

सासूबाई मात्र डोकं दुखतंय म्हणून आमच्या मेणबत्त्यांच्या आधीच आत जाऊन निजल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठेवणीतला पोशाख घालून स्वयंपाकघरात आले तर सासूबाई विजेच्या किटलीपाशी उभ्या. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी बटण दाबलं. खट्.

“आई!” मी दाराला धरलं. “आज दुसरा दिवस.”

“तुमचा,” त्या म्हणाल्या, आणि शांतपणे कप विसळायला लागल्या.

 ही बाई उभ्या आयुष्यात कधी सणाच्या दिवशी बटणाला शिवली नव्हती. एकदा चुकून दिवा राहिला म्हणून रात्रभर डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपलेली बाई! म्हणजे डोक्याला काहीतरी झालं. जिन्यावरून पडल्याचा हा परिणाम. आणि तेवढ्यात एडगर आत आला. किटली उसळत होती.

“हे कोणी लावलं?”

सासूबाईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आधी बोलले. “तिर्झाने!”

“आपल्यासाठी?” एडगरच्या कपाळावर आठ्या. “आपल्यासाठी लावलं असेल तर आपल्याला चालायचं नाही.” आणि तो नळाचं गार पाणी पिऊन, पाहुण्यांची प्रार्थना भरते तिकडे निघून गेला. सासूबाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मीच त्यांच्या चहात मीठ टाकलं होतं.

तासाभराने मी अंगणाच्या फाटकाशी आले तर त्या समोर रस्त्यावर, हातात पिशवी, बसथांब्यावर. मी हाक मारली. त्यांनी हात हलवला. बस आली. त्या चढल्या.

आता काय करावं माणसाने? मला फोन करता येईना, टॅक्सी थांबवता येईना. तिर्झा पोरांना घेऊन समुद्रावर. एवढं माहीत होतं की ती बस मखने येहुदाच्या बाजारात जाते. मी निघाले चालत. उंच टाचांचे पांढरे बूट, डोक्यावर टोपी, आणि वर जेरुसलेमचे ते चढ. येणारेजाणारे बघत होते. एका भाजीवाल्याने विचारलं, “बाई, लग्न कुठे आहे?”

वाटेत मी काय काय नाही चितारलं. त्या कुठेतरी हरवलेल्या, पोलिसांना स्वतःचं नाव सांगता येत नाही. कार्पबद्दल जे जे मनात बोलले होते ते सगळं मी चालता चालता मागे घेतलं.

सापडल्या त्या बाजारातल्या एका खाणावळीच्या मांडवात. समोर भाजलेल्या माशांची ताटली, आणि समोर बेर्तबाई. या त्यांच्याच खेड्यातल्या, दहाबारा वर्षांपूर्वी इथे येऊन राहिलेल्या. दोघी कडाडून भांडत होत्या. विषय काय, तर गावातल्या जुन्या प्रार्थनागृहाचं दार हिरवं होतं की निळं.

मी धापा टाकत त्यांच्यासमोर उभी राहिले. “आई, माझं नाव काय?”

“अगं बाई, उन्हाने हिचं डोकं फिरलं,” सासूबाई बेर्तबाईंना म्हणाल्या. “तुझं नाव नोएमी. माझ्या मुलाची बायको. कार्प मासा बेचव करतेस. अजून काही विचारायचंय?”

मी धपकन खुर्चीत बसले. असं बोलणाऱ्या बाईच्या डोक्याला काही झालेलं नसतं. मग मला राग आला. “मग हे काय चाललंय? किटली काय, बस काय! फ्रान्सच्या माणसाला दोन दिवस!”

“फ्रान्सच्या माणसाला, हो.”

“मग?”

“आणि ज्याने इथेच राहायचं पक्कं केलंय, त्याला?”

 आमच्यातल्या शाळकरी पोरालाही हे येतं. परत जायचा विचार ज्याने सोडला तो इथला. त्याला दिवस एकच.

“निघायच्या आधीच आपल्या रब्बींना नियम विचारून घेतला,” सासूबाई म्हणाल्या. “त्यांना म्हटलं, माझ्या मुलाजवळ बोललात तर तुमची खैर नाही. तिर्झाच्या गल्लीत दोन खोल्या मिळतायत. खाली बेर्त, वर मी.”

“आणि एडगर? त्याला सांगायचं नाही?”

“किती वेळा तोंड उघडलं! दर वेळी त्याने टाइल्सचा फोटो दाखवला.” त्यांनी काटा खाली ठेवला. “अगं, तो मला त्या खोलीत मुरांब्यासारखी ठेवेल. झाकण घट्ट लावून, वरून तारीख लिहून. गावात आता माझ्याशी भांडायला कोणी उरलं नाही. माझ्याच्याने एडगरला सांगवेना. म्हटलं, त्याला बोललेलं कळत नाही, नियम कळतो. मी बटण दाबलं की एका क्षणात कळेल त्याला. सकाळी धीर करून दाबलं. आणि तू मध्ये पडून सांगितलंस, तिर्झाने!”

बेर्तबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

“खरं सांग,” सासूबाई म्हणाल्या, “सुटलीस ना?”

“सुटले,” मी म्हटलं.

“मग रडतेस कशाला?”

“बूट चावतायत.”

परत निघालो. म्हणजे त्या बसने आणि मी चालत. अर्ध्या चढावर त्यांची बस मला मागे टाकून गेली आणि खिडकीतून त्यांनी राणीसारखा हात हलवला. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. इथे सासूचा एक आणि सुनेचे दोन, तेही पायी. मला उड्या मारायला हव्या होत्या. पण मला सारखी ती खोली दिसत होती, आणि त्या खोलीतून मला कोणी टोमणा मारत नव्हतं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

जेवायला मांडवात बसलो. समुद्रावरून तिर्झा परतली होती. एडगर द्राक्षारसाच्या पेल्यावर मंत्र म्हणून नुकताच खाली बसला होता. सासूबाईंनी पिशवीतून फोन काढला, त्याच्यासमोर धरला आणि फोटो काढला.



“आई,” एडगर हळूच म्हणाला, “आज दुसरा दिवस आहे.”

“तुमचा,” सासूबाई म्हणाल्या.

मला उमजायला अर्धं जेरुसलेम तुडवावं लागलं होतं. त्याला एका शब्दात उमजलं. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने जे केलं ते फक्त एडगरच करू जाणे. तो वाद घालायला बसला.

“नुसतं मनात आणून चालत नाही. इरादा पक्का हवा.”

“पक्का आहे.”

“तुझं घर तिकडे, सामान तिकडे.”

“सामान घरमालकाला देऊन टाकलं. कपाट नेतो म्हणाला, पलंगाचं बघतो म्हणाला.”

“हिवाळ्याचे कपडे?”

“त्या जड बॅगेत. तू विमानतळावर उचललीस आणि शिव्या दिल्यास, तीच.”

“पप्पा,” जुदित मध्येच म्हणाली, “माझाही इरादा झालाय. आत्ताच. पक्का. माझा फोन द्या.”

“तू गप्प बस. तुझी शाळा तिकडे आहे.”

“तिर्झा, तुला माहीत होतं?” त्याने बहिणीला विचारलं. तिने कुंडीकडे बघितलं.

एडगरचे दाखले संपले. मी आजवर असं कधी पाहिलं नव्हतं. तो आईच्या हातातल्या फोनकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मी चांगलं ठेवलं असतं तुला.”

“माहीत आहे रे मला,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणून तर बोलवेना.”

 मग एडगर घसा खाकरून म्हणाला, “श्मिट आज कामावर असेल. उगाच बांधत बसेल. मला आज फोन चालत नाही. तुला चालतो.”

सासूबाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि नंबर लावला. फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

“बाई, झालंच आहे तुमचं बाथरूम,” तिकडून श्मिट ओरडला. मागे ठोकठोक चालू होती. “फक्त टबाशेजारचे धरायचे दांडे राहिलेत. ते लावले की मोकळा.”

“राहू द्या,” सासूबाई म्हणाल्या. “लागायचे नाहीत.”

एडगर ताडकन उठला. फोनवर त्याला बोलता येईना, म्हणून तो दोन्ही हात हलवायला लागला. मान नाही नाही हलवली, हवेतच एक दांडा घट्ट पकडला, पाय घसरल्यासारखं केलं, पुन्हा दांडा पकडला.

“हॅलो? बाई?”

“थांबा श्मिट, माझा मुलगा मांडवात पोहतोय.”

एडगर माझ्या कानाशी लागला. मलाही फोनवर बोलणं चालत नव्हतं, मग मी सासूबाईंच्या कानाशी लागले. “दांडे लावायलाच सांगा म्हणतोय. तुम्ही पाहुण्या म्हणून याल तेव्हा घसराल.”

  सासूबाईंनी हाताच्या पाठीने नाक पुसलं आणि म्हणाल्या, “श्मिट, लावा. घट्ट लावा.”

“किती उंचीवर?”

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. एडगरने त्यांच्यापुढे हात आडवा धरला, जरा वर घेतला, जरा खाली. त्यांनी तो हात पकडून बघितला, त्यावर भार टाकून बघितला.

“इथे,” त्या म्हणाल्या.

“इथे म्हणजे किती, बाई?”

सणाच्या दिवशी आमच्यात मोजमापही घेत नाहीत. एडगरला हे सगळ्या मांडवात सर्वांत चांगलं ठाऊक होतं. त्याने हात तसाच धरून ठेवला आणि तिर्झाला म्हणाला, “फूटपट्टी आण.”