सकाळची मतं

कॉलेजची इमारत एकच होती, पण दिवसातून दोनदा भरायची. सकाळी सहा ते साडेदहा मुलींची, अकरापासून मुलांची. मधल्या अर्ध्या तासात दरवान घंटा वाजवत मजल्यामजल्यावर फिरायचा आणि मुलींना बाहेर काढायचा. विद्यार्थी संघ मात्र दोघांचा मिळून एकच होता, आणि त्याचं मतदान अकरा ते चार असायचं. सकाळच्या तीनशे ऐंशी मुलींना मताचा हक्क होता. आदल्या वर्षी त्यांतल्या एकोणीस जणींनी मत दिलं होतं.

हा आकडा कालिंदी राजाध्यक्षने नोंदवहीतून स्वतः काढला होता, आणि त्याच दुपारी तिने सरचिटणीसपदासाठी अर्ज भरला. १९६८चा डिसेंबर होता. सरचिटणीस आजवर दुपारचाच कुणीतरी मुलगा झाला होता. गेली दोन वर्षं शिबनाथ होता, आणि यंदाही त्याचा अर्ज होता.

"निवडणूक?" घरी वडिलांनी विचारलं. दिगंबरराव खिदिरपूरला कस्टममध्ये होते. त्यांचे आजोबा कलकत्त्याला आले, त्याला साठ वर्षं होऊन गेली होती. "कालू, तीन पिढ्या आपण इथे सांभाळून राहिलो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"म्हणजे पाहुण्यासारखे राहिलो, बाबा."

"पाहुण्याला कुणी दगड मारत नाही."

"साठ वर्षं राहिलेल्या माणसाला पाहुणा कोण म्हणतं?" आई आतून म्हणाली. "उभी राहू दे तिला. पडली तर पडली."

दगड कुणी मारले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी जिन्यावर मोठ्या अक्षरांत कागद लागला : बर्गी परत आले. बर्गी म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी बंगालवर चालून आलेले मराठे घोडेस्वार. त्यांचं नाव घेऊन इथल्या आया अजून पोरांना झोपवतात. शिबनाथ त्या कागदाखालीच उभा होता.

"घोडा कुठे बांधलास?" त्याने हसत विचारलं.

"बर्गी चौथाई मागायचे, शिबनाथदा. मी मतं मागतेय, तीही सगळी."

"कुणाची? तुझ्या सकाळच्या मुलींची? त्यांना दहा अठ्ठावन्नची गाडी पकडायची असते."

तो थट्टा करत होता, पण बोलला ते खरं होतं. बहुतेक मुली सियालदह स्टेशनहून गाडीने ये-जा करायच्या : बारुईपूर, सोनारपूर, बारासात, नैहाटी. लाइनी वेगळ्या, पण गाड्यांच्या वेळा जवळपास सारख्याच. दहा अठ्ठावन्न चुकली की पुढची बारा पस्तीसला. एवढा उशीर झाला की घरची माणसं स्टेशनवर येऊन उभी राहत, आणि एकदा उभी राहिली की दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद. मत देण्याची किंमत कुणाकुणाला ही पडली असती.

कालिंदी प्राचार्यांकडे गेली. मतदान नऊला सुरू करा म्हणाली.

"वेळ संघाच्या घटनेत लिहिलेली आहे," प्राचार्य म्हणाले. "ज्यांना मत द्यायचंय त्यांनी अकरापर्यंत थांबावं. अडवलंय कुणी?"

"दरवान अडवतो, सर. त्या दिवशी घंटा वाजणार नाही, असं लेखी द्या."

प्राचार्यांनी लिहून दिलं.

राहिला प्रश्न घरच्यांचा. प्रचाराचे दहा दिवस इतर उमेदवारांनी कँटीनमध्ये भाषणं करून काढले, कालिंदीने ते गाडीत काढले. तास संपले की ती रोज एका लाइनीवरच्या मुलींबरोबर निघे आणि त्यांच्या घरी जाऊन आयांना भेटे. बंगाली ती जन्मापासून बोलत होती. तिचं आडनाव ऐकून आया दचकत आणि बोलणं ऐकून सावरत.

सगळ्यांत अवघड गेली ती बारुईपूरच्या तापसीची आई. ती विळीवर भोपळा चिरत होती, आणि शेवटपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

"तू कोण लागतेस हिची?"

"उमेदवार आहे, माशीमा."

"ते ऐकलं. हिला वडील नाहीत. उशीर झाला की शेजारी बोलतात, आणि उत्तर मला द्यावं लागतं."

"फक्त एक दिवस. सगळ्या मिळून परत येतील. मी स्वतः सियालदहला गाडीत बसवून देईन."

"बारा पस्तीसची?"

"बारा पस्तीसची."

"त्याच्या पुढची मला चालणार नाही," आई म्हणाली आणि तिने भोपळ्याची पुढची फोड घेतली.

असा शब्द कालिंदीने शंभराहून जास्त घरांत दिला.

मतदानाच्या दिवशी घंटा वाजली नाही. साडेदहाला दोनशे चौदा मुली हॉलच्या दारापासून जिन्याच्या तळापर्यंत रांगेत उभ्या होत्या. शिबनाथ आला, त्याने रांग वरपासून खालपर्यंत पाहिली आणि आपल्या प्रतिनिधीला बाजूला घेतलं. अकराला पहिली मुलगी टेबलापाशी गेली तेव्हा तो प्रतिनिधी उठून म्हणाला, "आक्षेप. फी-कार्ड नोंदवहीशी ताडून पाहावं."

नियमात ते बसत होतं. कार्ड ताडून पाहिलं, बरोबर निघालं. दुसऱ्या मुलीला आक्षेप, तिसरीला आक्षेप. एकेकीला मिनिट लागू लागलं. अकरा चाळीसला कालिंदीने मोजलं : चाळीस जणींची मतं झाली होती. बारा पस्तीससाठी बारा दहाला निघायला हवं होतं. तोवर फार तर सत्तर होतील. उरतील एकशे चव्वेचाळीस.

तिने रांगेच्या मधोमध उभं राहून सांगितलं, "बारा दहाला ज्या उरतील त्यांनी माझ्याबरोबर निघायचं. मी तुमच्या घरी शब्द दिलाय."

या मतांवाचून आपण पडणार, हे ती जाणून होती, आणि रांगेतल्या मुलीही जाणून होत्या.

"शब्द तू दिलास, कालिंदीदी," तापसी म्हणाली. ती रांगेत बरीच मागे होती. वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. "मी नाही दिला."

"तापसी, तुझी आई..."

"आईला निरोप मिळाला की झालं. ती घाबरते ते निरोप नसतो म्हणून." ती रांगेतून बाहेर आली आणि जिन्याकडे वळून म्हणाली, "प्रत्येक स्टेशनची एक मुलगी पुढे या. आधी मत द्यायचं आणि बारा पस्तीसने जायचं. बाकीच्यांच्या घरी सांगायचं, दोन वीसची गाडी. बारुईपूर कोण जातं? शैला, तू जा. माझ्या घरी आधी."

दोन मिनिटं रांग मोडल्यासारखी दिसली आणि शिबनाथचा प्रतिनिधी हसला. मग ती पुन्हा जुळली. पुढे बावीस मुली, बावीस स्टेशनांच्या. प्रत्येकीच्या हातात घरांच्या पत्त्यांची चिठ्ठी. बारा दहाला त्या आणि मत दिलेल्या बाकीच्या गेल्या. मागच्या एकशे त्रेचाळीस जणींतली एकही हलली नाही. कालिंदीचा हिशेब एकाने चुकला होता.

आक्षेप चालूच राहिले. पण साडेबाराला दुपारच्या मुलांचे पहिले दोन तास संपले आणि तीही मत द्यायला आली. नोंदवही एक, टेबल एक, म्हणून रांगही एकच होती. मुलं मुलींच्या मागे जिन्यावर, जिन्यावरून अंगणात. पंधरा मिनिटं त्यांनी गाणी म्हटली. त्यानंतर त्यांना भूक लागली.

"काय चाललंय पुढे?" खालून कुणीतरी ओरडलं.

"कार्ड तपासतायत."

"कोण?"

"आपलेच."

"त्या गाढवाला सांगा, मुलींना सोड लवकर. आम्ही चाललो जेवायला."

आणि खरोखरच पन्नास-साठ जण गेले. जेवायला गेलेला मुलगा मत द्यायला परत येतोच असं नाही, हे दोनदा निवडून आलेल्या शिबनाथला कुणी शिकवायला नको होतं. एक वाजता तो स्वतः टेबलापाशी आला आणि प्रतिनिधीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पुरे कर."

दोन वीसच्या गाडीला सगळ्या मुली वेळेत पोचल्या. कालिंदीने त्यांना फलाटावर मोजून गाडीत चढवलं. तापसी चढता चढता म्हणाली, "आई बोलेल मला. बोलू दे."

ती परत आली आणि चारला मतदान संपल्यावर मोजणी सुरू झाली. प्राध्यापक दत्तगुप्त एकेक मतपत्रिका वाचत होते आणि फळ्यावर रेघा वाढत होत्या. शेवटी भरलेली पेटी आधी उघडली, तीत शिबनाथ चाळीसने पुढे. दुसरीत बरोबरी. तिसरी पेटी उघडली तेव्हा वरच्या पत्रिका दुपारच्या आणि तळाशी सकाळच्या निघाल्या. साडेपाचला दत्तगुप्तांनी चष्मा काढला.

"शिबनाथ, दोनशे त्रेसष्ट. कालिंदी राजाध्यक्ष, तीनशे चोवीस."

हॉलमध्ये कालिंदीखेरीज सकाळची एकही मुलगी नव्हती. आरोळी ठोकली ती दुपारच्याच मुलांनी. त्यांतल्या बऱ्याच जणांनी तिला मत दिलं होतं, ते आत्ता कबूल करायला त्यांची हरकत नव्हती. कुणीतरी जिन्यावरचा कागद फाडून आणला आणि तिच्या हातात दिला. तिने त्याची घडी घालून तो पिशवीत ठेवला. बाबांना दाखवायला.

शिबनाथने येऊन हात जोडले. "हरलो," तो सरळ म्हणाला. "आता कार्यकारिणीची पहिली सभा बोलाव. संघाची खोली चारला उघडते, तुला माहीत आहेच."

"सकाळी सात वाजता," कालिंदी म्हणाली.

"सात? सकाळी? मी राहतो बेहालाला."

"तापसी बारुईपूरहून येते. पहिल्या तासाला हजर असते."

शिबनाथने डोकं खाजवलं आणि आजूबाजूच्या मुलांना विचारलं, "बेहालाची पहिली ट्राम किती वाजता असते रे?"

कुणालाच ठाऊक नव्हतं.