आटवलेलं दूध

इंदिराबाईंच्या लेकीचं दूध गेलं होतं आणि ते परत आणायला राजेंद्र नगरातली अर्धी कॉलनी कामाला लागली होती. समोरच्या घरातून शेपूची जुडी आली. मागच्या गल्लीतल्या बेबीमावशींनी अळिवाच्या लाडवांचा डबा पाठवला आणि वर निरोप, की रोज दोन, नाटकं नकोत. कुणी म्हणे लसूण तळून दे, कुणी म्हणे जिऱ्याचं पाणी, कुणी म्हणे नजर लागलीय, मीठमिरच्या ओवाळून टाक. सकाळी बागेत फिरताना कुणीतरी लक्ष्मीकांतरावांना, म्हणजे इंदिराबाईंच्या यजमानांना, सांगितलं की दुधानेच दूध वाढतं. झालं. हे गृहस्थ एक दिवसाआड स्कूटर काढून सराफ्यातल्या मिठाईवाल्याकडून रबडी आणायला लागले. पूर्वा दोन चमचे खायची, उरलेली वाया कशाला घालवायची म्हणून हे बसायचे. लेकीला दूध चढेना, बापाच्या पोटावर मात्र रबडी दिसायला लागली. यात हसण्यासारखं काही नव्हतं, पण त्या घरात तेवढंच काय ते हसायला उरलं होतं.

पूर्वा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण सुखरूप झालं. ईशा दीड महिन्याची होईपर्यंत दूध इतकं, की पोरीला ठसका लागायचा. मग पूर्वाला ताप आला, डेंग्यू निघाला आणि प्लेटलेट्स भराभर खाली गेल्या. दहा दिवस ती हॉस्पिटलात होती. ईशा इकडे बेबीमावशींच्या मांडीवर, डब्याच्या दुधावर आणि बाटलीवर. पूर्वा घरी आली तेव्हा ओळखू येत नव्हती. तिने आल्या आल्या चपलासुद्धा न काढता पोरीला छातीशी धरलं, तर पोरगी धनुष्यासारखी मागे वाकली आणि अशी किंचाळली की शेजारचे डोकावले. छातीत थेंब नव्हता आणि पोरीला छाती आठवत नव्हती.

तेव्हापासून तीन आठवडे एकच धंदा चालला होता. पलक नावाची एक मुलगी यायची. अंगावर पाजायचं कसं, हे शिकवायचंच शिक्षण घेतलेली. इंदिराबाईंना आधी याचंच नवल वाटलं होतं, पण मुलगी गुणाची होती. तिने दर अडीच तासांनी पंप लावायला सांगितलं. शिवाय एक नाजूक नळी दिली. नळीचं एक टोक डब्याच्या दुधाच्या बाटलीत आणि दुसरं पट्टीने छातीला चिकटवलेलं. बाळ छातीला ओढेल आणि नळीतून त्याला दूध मिळेल. बाळाला वाटेल आईचंच येतंय, आणि शरीराला वाटेल मागणी आहे. दोघांनाही फसवायचं, म्हणजे हळूहळू खरं येतं.

"आंटीजी, टाइम लगेगा," पलक म्हणायची. "हफ्ते भी लग सकते हैं. और कभी-कभी पूरा नहीं भी आता."

पूर्वा शेवटचं वाक्य ऐकायचीच नाही. मोबाइलमध्ये गजर लावून ती बसायची, पंप घर्र घर्र करायचा आणि बाटलीचा तळ ओला व्हायचा. तेवढंच. कधी चमचाभर. ते ती वाटीत काढून चमच्याने ईशाला पाजायची, देवाचं तीर्थ दिल्यासारखं. मग ईशा रडायला लागायची, आणि मग इंदिराबाई बाटली घेऊन यायच्या. त्यांच्या खांद्यावर पोरगी मिटल्या डोळ्यांनी चुटूचुटू प्यायची. पूर्वा बघत राहायची.

इंदिराबाई सगळं करत होत्या. लाडू वळत होत्या, नळ्या उकळून घेत होत्या, लेकीच्या पाठीला तेल लावत होत्या. एक गोष्ट मात्र त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. दूध गेलं नव्हतं. ते त्यांनी आटवलं होतं.

हॉस्पिटलातला तो तिसरा दिवस. बाळाला तिथे आणायची परवानगी नव्हती. पूर्वाची छाती दगडासारखी टणक झाली होती, आणि नर्स म्हणाली हाताने दाबून काढा, तर हात लावला की पूर्वा ओरडायची. अंगात ताप फणफणलेला. सकाळच्या रिपोर्टात प्लेटलेट्स अजून खाली. तो बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला, आणि तो चेहरा इंदिराबाईंच्या काळजात घुसला. त्या घरी अंघोळीला आल्या होत्या. जाताना त्यांनी अंगणातल्या मोगऱ्याची होती नव्हती ती फुलं खुडली, सुती रुमालात घातली आणि नेऊन लेकीच्या छातीवर बांधली. रोज ताजी, चार दिवस. त्यांना माहीत होतं मोगऱ्याने काय होतं. त्यांचं स्वतःचं दुसरं मूल, मुलगा, जन्मलं ते गेलेलंच, आणि भरून आलेलं दूध जिरावं म्हणून त्यांच्या आईने असाच मोगरा बांधला होता. मूल गेलेल्या बाईला बांधतात ते. आणि त्यांनी ते जित्याजागत्या लेकराच्या आईला बांधलं.

का, तर त्यांना वाटलं होतं, दूध गेलं तर जाऊ दे, माझी पोर वाचू दे. नातीचा विचारही मनाला शिवला नव्हता. यासाठी त्या स्वतःला माफ करत नव्हत्या, आणि पुन्हा तशी वेळ आली असती तर त्यांनी तेच केलं असतं, हेही त्यांना माहीत होतं.

एकदा पलक निघताना त्यांनी तिला फाटकापाशी गाठलं. शेजारच्या एका बाईचं निमित्त करून विचारलं, मोगऱ्याने खरंच दूध जातं का.

पलक म्हणाली, "लोग बोलते तो हैं. पर दस दिन दूध निकला ही नहीं ना आंटीजी, उससे भी सूख जाता है. अब किससे सूखा, कौन बताए."

आता यातून माणसाने काय घ्यायचं? हो, जातं म्हणाली असती तर निदान रडता आलं असतं. नाही म्हणाली असती तर जीव हलका झाला असता. इंदिराबाई फाटकाची कडी लावून तशाच आत आल्या आणि कुकर लावला.

बोलायची वेळ आली ती परवा दुपारी. लक्ष्मीकांतराव आत झोपले होते. जावई, निखिल, ऑफिसात. पूर्वाने पाऊण तास पंप लावला आणि बाटलीत काहीच आलं नाही, तळही ओला नाही. तिने पंप बंद केला. रडली नाही. स्वतःच्या अंगाकडे, एखाद्या बिघडलेल्या मशीनकडे बघावं तसं बघत राहिली.

"आई, माझ्यातच फॉल्ट आहे," ती म्हणाली. "सगळ्या बायकांना येतं यार. माझी बॉडीच बेकार आहे. ईशाला पण कळलंय ते."

हे मात्र इंदिराबाईंना ऐकवेना. इतके दिवस त्या गप्प होत्या, कारण बोलून दूध येणार नव्हतं. पण पोरगी आपल्याच अंगाला नावं ठेवायला लागली होती, आणि ते अंग तर त्यांनीच घडवलेलं.

"तुझ्यात काही कमी नाही," त्या म्हणाल्या. "मी आटवलं. हॉस्पिटलात मोगरा बांधला होता ना, तो त्यासाठीच."

पूर्वाला नीट कळायला वेळ लागला. "तू म्हणाली होतीस, औषधांचा वास येतो म्हणून."

"खोटं बोलले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तो रिपोर्ट, डॉक्टरांचा चेहरा, आपला गेलेला मुलगा, आजीचा मोगरा. पलक काय म्हणाली तेही सांगितलं. स्वतःला वाचवायला काही मागे ठेवलं नाही. पूर्वा आरडाओरडा करेल, निखिलला फोन लावेल, सामान भरेल, अशी सगळी तयारी त्यांनी मनाशी केली होती. पूर्वाने यातलं काहीच केलं नाही. तिने आईच्या मनगटाला धरलं, घट्ट, आणि तिच्या डोळ्यांत चक्क आशा होती.

"म्हणजे तुला माहीत आहे ना हे सगळं," ती म्हणाली. "आटवायचं काय ते आजीने शिकवलं. मग परत आणायचं काय असतं? ते पण सांगितलं असेल ना तिने."

इंदिराबाईंना आईने तेवढं एकच शिकवलं होतं. परत आणायचं कुणी विचारलं नव्हतं, कारण तेव्हा ज्याच्यासाठी आणायचं तोच नव्हता.

"ते नाही माहीत, बाळा," त्या म्हणाल्या.

पूर्वाने मनगट सोडलं. मग गजर वाजला, ईशा पाळण्यात चुळबुळ करायला लागली, आणि पूर्वाने छातीला नळी चिकटवली. "बाटली धर," एवढंच म्हणाली. इंदिराबाईंनी बाटली उंच धरली. ईशाने तोंड लावलं, एक घोट घेतला, दुसरा घेतला. इंदिराबाईंच्या तोंडून नकळत निघालं, "शहाणी गं माझी बाय."

तो आवाज ऐकला आणि पोरीने छाती सोडली. मान वळवली, आजीला शोधलं आणि तिच्याकडे बघत भोकाड पसरलं. पूर्वाने तिला पुन्हा वळवून घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच.

"आई, ती तुझ्यासाठी रडतेय," पूर्वा म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "बाटली त्या खुंटीला अडकव. तू बाहेर जा. आणि आत येऊ नको, काही झालं तरी."

इंदिराबाईंनी बाटली खुंटीला अडकवली, नळी कुठे मुडपली नाही ना ते बघितलं, आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं. आत ईशाचं रडणं वाढत गेलं. असं रडली की काय करायचं, ते त्यांना पाठ होतं: उभं घ्यायचं, पाठीवर हात फिरवायचा, बाटली गालाला लावायची. दोन मिनिटांत शांत होते. त्या दाराशी उभ्या राहिल्या. रडणं थांबलं नाही, आणि पूर्वाने हाक मारली नाही.