सहा वेळा ‘होय’

“ताई, तुम्ही खरंच घराघरांत जाता, की आंब्याखाली बसूनच आमची बाळं मोजता?”

मित्रांनो, हा प्रश्न विचारला नववीतल्या तूबाने. तिच्या मैत्रिणींनी, आयात आणि मनस्विनीने, तिला डिवचलं होतं, “हिंमत असेल तर विचारून दाखव!” आणि ही बया विचारून मोकळी! मी तेव्हा दर्शनाताईंच्या मांडीवर होतो. तूबाच्याच पडवीत.

मी एक जुना टॅब आहे. काचेला तडा, पाठीला चिकटपट्टी. पण माझं काम केवढं मोठं! देशातल्या किती बाळांना लशी मिळाल्या, हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. सरकारने ते कंत्राट दिल्लीच्या एका कंपनीला दिलं, तिने पुण्याच्या दुसरीला, आणि दुसरीने दोन महिन्यांसाठी देवरूखच्या दर्शनाताईंना. अशा हातांतून उतरत उतरत मी कोकणातल्या पावस गावाजवळच्या या वाडीत पोचलो.

सुरुवातीला काय मजा होती! ताई प्रत्येक दारात चपला काढायच्या, लसीचं कार्ड मागायच्या, एकेक तारीख वाचून माझ्यात भरायच्या. कार्ड कधी तांदळाच्या डब्यातून निघायचं, कधी साडीच्या घडीतून. पुण्याचे साहेब फोनवर म्हणायचे, “तुमचा टॅब एकदम चोख!” मी फुगून जायचो.

मग परवा त्याच साहेबांचा फोन आला. “कंत्राट आज संपतंय. सहा घरं बाकी आहेत. संध्याकाळपर्यंत पाठवा.”

ताई धावल्या. पण सहाही दारांना कड्या. माणसं बागेत, बाजारात. आंब्याखाली तेवढी सोनूबाई मासळीची टोपली टेकून बसली होती. ती दारोदार फिरते, तिला सगळ्यांची पोरं ठाऊक. ताईंनी तिलाच विचारलं.

“अगो, नर्सबायनं सगळ्यांना टोचलान!” सोनूबाई छातीठोकपणे म्हणाली. वाडीत एकाने सगळ्यांचं सांगायची रीतच आहे. ताईंनी सहा वेळा ‘होय’ दाबलं. मी सहा वेळा ते गिळलं. मला ‘नाही’ म्हणताच येत नाही ना!

फॉर्म त्याच संध्याकाळी गेले. आज ताई त्या सहा घरांच्या कागदावर राहिलेल्या नुसत्या सह्या घ्यायला आल्या होत्या, तेव्हाच तूबाने तो आंब्याचा प्रश्न टाकला.

“सही नंतर,” तूबा म्हणाली. “आधी आमच्या फहादचं काय लिहिलंय ते दाखवा.” फहाद म्हणजे तिचा वीस महिन्यांचा भाऊ.

ताईंनी मला उघडलं. गोवराचा दुसरा डोस: मिळाला.

“मिळाला? लसीच्या दिवशी त्याला ताप होता! अम्मीने नेलंच नव्हतं!”

तिची अम्मी, शमीम, ओशाळली. “नंतर नेऊ म्हटलं, राहूनच गेलं.”

अब्बा तन्वीर जाळं विणता विणता म्हणाले, “सरकारात ‘मिळाला’ असं लिहिलं गेलं ना? मग कशाला उकरतेस?”

“अब्बा, सुई टॅबला टोचली की फहादला?”

ताईंनी साहेबांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “फॉर्म गेला, आता बदलत नाही. काम बंद झालंय.” ताईंनी फोन खाली ठेवला. “चुकलं गो माझं, सहाही घरांचं सोनूबाईला विचारून भरलं,” त्या तूबाला म्हणाल्या.

मी काय करणार, मित्रांनो? माझ्या काचेवर हिरवी खूण तशीच चमकत होती. ती पुसायला मला बोट नाही, खरं सांगायला तोंड नाही. आणि बाकीच्या पाच बाळांचं काय? कुणाला टोचलंय, कुणाचं राहिलंय, मलाही ठाऊक नाही. त्यांना गोवर झाला तरी माझ्यात ती ठणठणीतच राहणार. मला आपटा, धुळीत टाका, मी काही म्हणणार नाही. पण दारात जाऊन विचारल्याशिवाय माझ्यात कुणाचं बाळ भरू नका.

तूबाने फहादला कडेवर घेतलं आणि ती आईबापांसमोर उभी राहिली.

“अम्मी, अब्बा, ऐका. उद्या आरोग्य केंद्रात लसीचा वार आहे. मी शाळेत जाणार नाही. फहादला घेऊन जाणार. आणि जाताना त्या पाचही घरांत कार्ड बघणार. ज्याचं राहिलंय, त्याच्या आईला सोबत घेऊनच पुढे जाणार.”