सरदाराची आरोळी

मी खरोखरचा सरदार असतो, तर त्या धिप्पाड माणसाला टोळीत घेतलंच नसतं. ओढ्यावरच्या अरुंद पुलावर कोणी अनोळखी माणूस आडवा येतो, काठीने बदडून आपल्याला पाण्यात पाडतो आणि आपण नाकातोंडातलं पाणी शिंकरत म्हणायचं, "असा गडी आपल्याला हवाच!" याला लोक दिलदारी म्हणतात. मी याला अक्कल गहाण टाकणं म्हणतो. पण मालिकेत तसंच होतं, आणि जंगलातल्या त्या नामांकित दरोडेखोरांच्या सरदाराला आवाज माझा होता. मूळ नट परक्या भाषेत बोलतात आणि त्यांच्या ओठांवर आपली भाषा बसवायची हे आमचं काम. इतकी वर्षं ते केल्यावर स्टुडिओतला चहावालासुद्धा मला सरदार म्हणायला लागला होता.

त्या धिप्पाडाचा आवाज म्हणून जो पोरगा आणला, तो दारातून आडवा गेला असता तरी कुठे अडकला नसता. मी पहिल्याच दिवशी त्याचं नाव काडीपहिलवान ठेवलं. तो हसला, आणि तिथेच मला तो आवडेनासा झाला. नवा माणूस इतका गोड कशाला वागेल?

"दादा, लांब वाक्यात तुम्ही श्वास कुठे घेता?" त्याने विचारलं.

"नाकातून," मी म्हणालो.

तो पुन्हा हसला. माझं काम चालू असलं की तो काचेपलीकडे उभा राहायचा. स्वतःचे संवाद पाठ करायचे सोडून माझ्या ओठांकडे बघायचा, आणि त्याचेही ओठ हलायचे. मी थांबलो की थांबायचे. दिग्दर्शक बाई आणि आमची साउंडताई काहीतरी कुजबुजत असायच्या. मी बाहेर आलो की दोघींना एकदम हवापाण्याचं सुचायचं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते माझ्याच भिंतीत मुरत होतं.

घरी मी बायकोचं डोकं खाल्लं. "आज धिप्पाडाचा आवाज, उद्या सरदाराचा. वाहिनीवाल्यांनी पेरलाय त्याला. गोगलगाय नि पोटात पाय!"

"तुम्हाला हलवणं सोपं आहे होय?" ती म्हणायची. पण हळूहळू तिलाही तो पटायला लागला, म्हणजे चोर म्हणून. जेवताना ती आपणहून विचारायची, "काय म्हणतोय तुमचा चोर?" त्याने मला बरं वाटायचं, हे कबूल करतो. सरदार गेला तर मी कोण, हा प्रश्न मला एकट्याने झेपणारा नव्हता. दुसऱ्या कुठल्या कामावर मला कोणी ओळखत नव्हतं.

आमच्याकडे एक रीत आहे. आधी संवाद, आरोळ्या शेवटी. आरोळीने घसा सोलून निघतो, मग साधं "या, बसा" म्हणतानाही माणूस भांडायला आल्यासारखा वाटतो. म्हणून सगळ्यांचं बोलणं संपलं की ज्याची आरोळी तो एकटा आत थांबतो, ओरडतो आणि थेट घरी जातो. पुलावरच्या मारामारीची आरोळी मोठी होती. सरदार तोल जाताजाता ओरडतो, "हटणार नाही!" आणि शेवटचं अक्षर पाण्यात पडेपर्यंत ओढतो. मी ओरडलो. काचेपलीकडून बाईंनी अंगठा दाखवला. "मस्त! झालं, सरदार, जा तुम्ही."

मी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि आठवलं, चष्मा माइकपाशीच राहिला. परत आलो तर दारावरचा लाल दिवा लागलेला. तो फक्त रेकॉर्डिंग चालू असलं की लागतो. सगळ्यांचं काम तर संपलं होतं. दाराच्या फटीतून आवाज आला, "हटणार नाही!" माझा आवाज. एक क्षण वाटलं, माझंच ऐकतायत. पण ऐकताना दिवा लागत नाही.

दिवा विझला तसा मी आत घुसलो. काडीपहिलवान माइकसमोर उभा होता.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?" मी ओरडलो, आणि ओरडताना माझा आवाज फाटला. चालू माइकमधून ते काचेपलीकडेही सगळ्यांनी ऐकलं.

पोरगा पांढरा पडला. बाई खाली बघायला लागल्या. साउंडताई मात्र शांतपणे म्हणाली, "दादा, भांडण नंतर करा. आधी हे ऐका."

तिने माझी आरोळी लावली. सुरुवात ठीक होती. मध्येच ती फाटली, आणि शेवटी सरदार पाण्यात पडण्याऐवजी खोकत बसला.

"हे आजचंच?"

"आजचंच. मालिकेच्या गेल्या पर्वापासून असंच होतंय. तुमच्या जुन्या आरोळ्या काढून मी जोडत होते. आता त्या पुरत नाहीत, ओठांवर बसत नाहीत. वाहिनीवाले म्हणाले, सरदाराचा आवाज बदला. मी म्हटलं, घसा बसलाय, होईल नीट. मग बाईंनी याला शोधला. धिप्पाडाचं काम याला दिलं ते तुमच्या आरोळीसाठी."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याच दिवशी काम सोडलं असतं."

ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी खुर्चीत बसलो. मला रडू आलं नाही, भीती वाटली. माझी वाचा माझ्या मागे माझ्याशिवाय चालत होती आणि मला पत्ताही नव्हता.

"याची लाव," मी म्हणालो.

तिने लावली. आरोळी भरदार होती, पाण्यापर्यंत पोचली. पण "हटणार"च्या आधी एक बारीकशी धाप होती.

"ती धाप कशाला?" मी त्याला विचारलं. "ती माझ्या वयाची आहे. वयाने लागते. तुला कशाला हवी?"

तो माइककडे बघत म्हणाला, "काढून बघितली, दादा. काढली की तुम्ही वाटत नाही."

मी उठलो, चष्मा घातला आणि त्याच्या पोटावर हात ठेवला. "ठेव मग. पण वर छातीत घेऊ नकोस, इथून घे. आणि शेवटचं अक्षर ओढताना मान वर करू नकोस. पुन्हा." ताईने दिवा लावला. त्या दिवशी तो माझ्यासमोर ओरडला.

भाग लागला तेव्हा बायकोने शेजारणीलाही बोलावून घेतलं होतं. पुलावर काठ्या वाजल्या, सरदाराचा तोल गेला, आरोळी घरभर घुमली. बायकोने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"अंगावर काटा आला बघा! अन् तो चोर म्हणे तुमची जागा घेणार. सांगा त्याला, सात जन्म घेतले तरी असं ओरडता यायचं नाही!"

"ती आरोळी त्याचीच आहे," मी म्हणालो.

शेजारीण हसली. बायकोही हसायला लागली, मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर सरदार पाण्यातून वर आला. तो धिप्पाडाकडे हात करून आपल्या माणसांना काहीतरी सांगत होता.

"हे आता बोलतोय ते?" तिने हळूच विचारलं.

"हे मी."

तिने घाईघाईने आवाज वाढवला, पण तोवर वाक्य संपलं होतं.