दोरातली मऊ जागा

उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसणारी माणसं ज्या दोरांना लटकतात, ते दोर तपासायचं काम त्याच्याकडे होतं. रोज सकाळी गच्चीवर डोळे मिटून तो अख्खा दोर मुठीतून सरकवायचा आणि ज्याचा दोर, त्याचं नाव घेऊन पुटपुटायचा, "प्रभू, याला सुखरूप उतरव." सगळे त्याला पाद्री म्हणून चिडवत, पण पाद्रीचा हात फिरल्याशिवाय एकही बहाद्दर कठड्यापलीकडे पाय टाकत नसे. वरून धडधाकट दिसणारा दोर आतून तुटला असेल, तर तिथे बोटांना मऊ लागतं. ते फक्त त्याच्याच बोटांना कळायचं.

त्या माणसांत त्याचा मेहुणाही होता. पाद्रीची धाकटी बहीण तीन दिवस तापाने फणफणत होती आणि हा नवरोबा डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचा, "उद्या बघू." चौथ्या दिवशी बघायला काही उरलं नाही. या गोष्टीला दोन वर्षं झाली. पाद्रीने चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर मेहुण्याला मिठी मारून क्षमा केली, बायकांनी डोळे टिपले. मात्र तेव्हापासून मेहुण्याचा दोर हातात आला की पाद्री मुका व्हायचा. नाव काही तोंडातून निघत नसे. म्हणे क्षमा केली!

एका सोमवारी मेहुण्याच्या दोरात मऊ जागा लागली.

हात थांबला. आत कुणीतरी फार गोड आवाजात बोललं. न्याय करणारा तू कोण? देवावर सोपव. राखायचं असेल तर तोच राखेल. इतकी शांती पाद्रीला दोन वर्षांत लाभली नव्हती. देवच बोलला असं वाटून त्याचे डोळे भरून आले. त्याने दोर गुंडाळून हुकाला अडकवला आणि स्वतःशीच म्हणाला, "उद्या बघू."

मेहुणा दिवसभर त्या दोरावर लटकला आणि संध्याकाळी उतरला.

मंगळवारी ती जागा बोटभर वाढली होती. गोड आवाजही हजर होता. पाद्री पुन्हा म्हणाला, "उद्या..." आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. हे शब्द कुणाचे? त्याला बहिणीची खोली दिसली, तिचा तापलेला हात आठवला. देव त्या माणसाचे शब्द उसने कशाला घेईल? सैतान शिंगं लावून आला असता तर कुणीही ओळखला असता. हा प्रार्थनेच्या वेळी आला होता, प्रार्थनेच्याच आवाजात.

त्याने सुरी काढून दोर कापला. आतले तुटके धागे बाहेर लोंबले. सगळे गोळा झाले. मुकादमाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "देवमाणूस आहेस बाबा!"

आवाज पुन्हा आला. झालं ते झालं, आता गप्प राहा. लोकांची श्रद्धा कशाला मोडतोस? या वेळी त्याला ओळखायला वेळ लागला नाही.

"मला काल कळलं होतं," पाद्री म्हणाला.

मुकादमाने त्याच्या काखेतले बाकीचे दोर काढून घेतले. हे काम आता संपलं, हे पाद्रीला तिथेच समजलं.

मेहुणा कापलेल्या दोराशी येऊन बसला.

"दादा, रोज पलीकडे उतरताना मी तुमच्या तोंडाकडे बघायचो. सगळ्यांचं नाव घ्यायचात, माझं नाही. वाटायचं, आज दोरात नक्की काहीतरी आहे आणि दादा गप्प बसलेत."

"मग उतरायचास कशाला?"

"ती माझ्यामुळे गेली. म्हटलं, तिचा भाऊ ठरवेल ते ठरवेल."

पाद्रीने कापलेला तुकडा उचलला, डोळे मिटले आणि मेहुण्याचं नाव घ्यायला तोंड उघडलं. नाव येईना. माणसं एकेक करून कामाला लागली, ऊन कठड्यावर चढलं. नाव निघेपर्यंत तो तिथून हलला नाही.